सूचक, अनुमोदक आणि रेवसची लाँच

मराठी मध्यमवर्गीय दांपत्याची समुद्रकाठची सहल बहुधा दोन गावांची असते, एका गावाची क्वचितच असते, आणि यामागचे कारण नकाशात शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हाती फारसे काही लागत नाही. ते कारण सहलीच्या महिनाभर आधी रात्रीच्या जेवणानंतर झालेल्या वाटाघाटींत दडलेले असते. पतीने सुचवलेले गाव पत्नीच्या पसंतीस उतरत नाही, पत्नीने सुचवलेल्या गावात बघण्यासारखे नेमके आहे तरी काय असा प्रश्न पती उपस्थित करतो, दोघांनाही मान्य होईल असे तिसरे गाव शोधून काढण्याचा उत्साह तोवर दोघांचाही संपलेला असतो, आणि अखेर दोन्ही गावे एकाच सहलीत बसवून वाद मिटवला जातो. सहलीच्या दिवसांची संख्या मात्र वाढत नाही. तेवढ्याच दिवसांत दुप्पट पाहण्याची जबाबदारी तहाच्या कलमांबरोबर आपोआप अंगावर येते.

या व्यवहाराचे वर्णन करण्यासाठी सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांत रुळलेली परिभाषा सोयीची ठरते. सभेपुढे ठराव मांडणारा तो सूचक, आणि त्याला पाठिंबा देऊन इतिवृत्तात आपले नाव लावून घेणारा तो अनुमोदक. ज्या जोडीदाराने गाव सुचवले तो त्या गावापुरता सूचक होय. त्या गावातील पाणी खारे लागले, खोलीतला पंखा आवाज करू लागला, किनाऱ्यावर गर्दी निघाली किंवा ऊन कडक पडले, तर या सर्वांची जबाबदारी सूचकावर येते. अनुमोदकाला कोणतीही जबाबदारी नसते, तक्रारीचा अधिकार मात्र अबाधित असतो. पती सूचक असलेल्या गावाचा उल्लेख पत्नी ‘तुमचं अलिबाग’ असा करते आणि पत्नी सूचक असलेल्या गावाबद्दल पती ‘तुझं मुरूड’ असे बोलू लागतो, तेव्हा तह अमलात आला असे खुशाल समजावे. नव्या पिढीतील पत्नी ‘अहो’ऐवजी ‘अरे’ म्हणते, त्यामुळे तिच्या तोंडी ‘तुझं अलिबाग’ येते. जबाबदारीच्या वाटपात त्याने काडीचाही फरक पडत नाही.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अलिबाग आणि मुरूड ही या प्रकारच्या सहलीची जणू ठरलेली जोडी आहे, आणि तिच्यात एक ऐतिहासिक औचित्यही आहे. अलिबाग हे आंग्र्यांचे ठाणे, तर मुरूडसमोरचा जंजिरा हा जलदुर्ग सिद्दी राज्यकर्त्यांचा; या दोन सत्तांचे एकमेकींशी कधी फारसे जमले नाही, आणि दोहोंच्या मधोमध, रेवदंडा व कोर्लई येथे, पोर्तुगीज आपले किल्ले धरून बसले होते. जेथे कान्होजी आंग्रे यांच्यासारख्या सरखेलाला, म्हणजे आरमाराच्या प्रमुखाला, शेजाऱ्याशी कधी लढावे आणि कधी नमते घ्यावे याचा हिशेब आयुष्यभर करावा लागला, तेथे तीन दिवसांसाठी आलेल्या दांपत्याने काही वेगळे साधावे ही अपेक्षा रास्त नव्हे.

या सहलीचे प्रवेशद्वार म्हणून रेवसचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाला, धरमतर खाडीच्या मुखाशी, खारफुटी आणि चिखल यांच्या सोबतीने हे बंदर उभे आहे, आणि समोर, खाडीपलीकडे, उरण तालुक्यातील करंजा दिसते. रेवस आणि करंजा यांच्या दरम्यान तर चालते. तर म्हणजे खाडी ओलांडून देणारी प्रवासी होडी, जिच्यात माणसांबरोबर दुचाकीही चढवल्या जातात. मुंबईहून मात्र रेवसला यायचे ते भाऊच्या धक्क्यावरून लाँचने. रेवस हे पाहण्याचे ठिकाण म्हणून आजवर कोणत्याही दांपत्यातील कोणीही सुचवल्याचे ऐकिवात नाही, आणि हेच त्याचे वैशिष्ट्य आहे. त्याला सूचक नसल्यामुळे तेथे होणाऱ्या गैरसोयीचे खापर जोडीदारावर फोडता येत नाही. ते लाँचवर, एस.टी. महामंडळावर किंवा फार तर भरती-ओहोटीवर फोडावे लागते, आणि म्हणून संपूर्ण सहलीत पती-पत्नींचे संपूर्ण एकमत दिसते ते रेवसच्या धक्क्यावर. मुत्सद्देगिरीच्या भाषेत ज्याला तटस्थ भूमी म्हणतात ती हीच.

मांडव्याची गोष्ट निराळी आहे. गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्याला जाणाऱ्या बोटींच्या तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतच्या बसचे भाडे धरलेले असते, आणि मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत तर मोटारगाडीसकट चढता येते. ही सोय निःसंशय मोठी आहे, परंतु तिच्यामुळे सूचकपदाचा प्रश्न धक्क्यावरच उद्भवतो, कारण ‘गाडी घेऊनच जाऊ’ असे दोघांपैकी कोणीतरी एकाने म्हटलेले असते आणि बोटीतून उतरताना गाडीला ओरखडा गेल्यास ते वाक्य शब्दशः आठवून दिले जाते. शिवाय १९९० च्या ‘अग्निपथ’ या हिंदी चित्रपटाने मांडव्याचे नाव देशभर केले असल्याने तेथे उतरलेला पती त्यातील नायकाप्रमाणे आपले पूर्ण नाव, वडिलांचे नाव व गाव खर्जातल्या आवाजात सांगून पाहतो, आणि पत्नीला सहप्रवाशांसमोर त्याला ओळख न दाखवण्याचा मार्ग पत्करावा लागतो. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाल्यापासून रस्त्याने जाणाऱ्यांचीही संख्या वाढली आहे. त्यांच्या भांडणांचा विषय वडखळच्या आसपासची वाहतूक हा असतो आणि तो प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेर आहे.

भाऊचा धक्का ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ, एकोणिसाव्या शतकातील मुंबईतील एक कर्तबगार गृहस्थ होते, आणि कोकणातून येणाऱ्या प्रवाशांना चिखलात उतरावे लागू नये म्हणून त्यांनी धक्का बांधला. आजचा धक्का माझगावला, मूळ जागेपासून दूर आहे, नाव मात्र सोबत आले. पहाटे येथे मासळीचा लिलाव चालतो आणि त्याचा वास सकाळच्या लाँचच्या वेळेपर्यंत टिकून असतो. हा वास पतीला ‘अस्सल’ वाटतो व पत्नीला वास वाटतो. लाँचमध्ये शिरल्यावर बसण्याच्या जागेवरून पहिली छोटी चर्चा होते: वाऱ्याची बाजू घ्यावी तर उन्हाची, सावलीची घ्यावी तर इंजिनाच्या धुराची, आणि दोन्ही टाळावे तर समुद्र दिसत नाही. रेवस, मापगाव, झिराड अशा गावांचे नेहमीचे प्रवासी एव्हाना योग्य जागा धरून, पिशवी पायाशी घेऊन, डोळे मिटून बसलेले असतात, आणि उभ्या दांपत्याकडे एक डोळा किंचित उघडून पाहतात.

या मार्गावर घरच्या वडीलधाऱ्यांचा फोन येतोच येतो, आणि त्या काळजीला हसून चालत नाही. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, ‘रामदास’ ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसच्या बाजूने मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत घेऊन काहींचे प्राण वाचवले. तो दिवस आषाढी अमावास्येचा होता, आणि अलिबाग तालुक्यातील कित्येक घरांत ती आठवण आजही काढली जाते.

रेवसला उतरल्यावर पुढच्या वीस-पंचवीस किलोमीटरांसाठी एस.टी. किंवा मिनिडोर असे दोन पर्याय उरतात. मिनिडोर हे अलिबाग तालुक्यात सहाआसनी तीनचाकी रिक्षेला दिलेले रूढ नाव आहे. यातील सहा हा आकडा परवान्यावरचा असतो, प्रत्यक्षात तो वाहनचालकाच्या सौजन्यावर व प्रवाशांच्या अंगलटीवर अवलंबून राहतो. दांपत्यापैकी एकाला पुढे चालकाशेजारी अर्ध्या आसनावर आणि दुसऱ्याला मागे दोन टोपल्यांच्या मध्ये जागा मिळते, आणि त्यामुळे अलिबागेपर्यंत त्यांच्यात कोणताही मतभेद होऊ शकत नाही. या वाहनप्रकाराच्या कौटुंबिक उपयुक्ततेकडे अभ्यासकांनी अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही.

वाट थोडी वाकडी केली तर सासवणे येथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांचे घर लागते, ज्याचे आता संग्रहालय झाले आहे. पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा करणाऱ्या या शिल्पकाराने घरच्या आवारात म्हशीचेही एक शिल्प करून ठेवले असून ते इतके हुबेहूब आहे की आत येणारा माणूस आधी क्षणभर बाजूला सरकतो. या म्हशीशेजारी पत्नीस उभे करून छायाचित्र घेण्याची सूचना पती करतो. ती सूचना आणि तिला मिळणारे उत्तर ही दोन्ही या संग्रहालयाइतकीच जुनी असावीत.

याच किनाऱ्यावर, अलिबागच्या अलीकडे, नवगाव येथे दांपत्य-पर्यटनाच्या अभ्यासकाने थोडे थांबावे. महाराष्ट्रातील ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून येत होते ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नवगावजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचून किनाऱ्याला लागल्या. सामानसुमान, ग्रंथ, सर्व समुद्रात गेले. पुढे ही मंडळी कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली, आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवत असल्याने लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. अलिबाग हे नावही अली नावाच्या एका धनिक बेने इस्राएल गृहस्थाच्या बागांवरून पडले असे सांगतात. या परंपरेतील ऐतिहासिक अंश किती हा तज्ज्ञांचा विषय होय; प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एवढेच महत्त्वाचे, की आरक्षण, सामान आणि ठरलेला कार्यक्रम यांपैकी काहीही नसताना या किनाऱ्यावर उतरलेली ती सात जोडपी येथे कायमची राहिली, तर ही तिन्ही जवळ असलेले आजचे जोडपे रविवारी दुपारपर्यंत परत निघते.

अलिबाग हे पतीचे गाव असे येथे गृहीत धरले आहे. (काही घरांत उलट असते, सिद्धान्त तोच राहतो.) सूचक या नात्याने पतीचा पहिला कार्यक्रम कुलाबा किल्ला हा असतो. शिवाजी महाराजांनी अखेरच्या काळात काम सुरू करवलेला, संभाजी महाराजांच्या काळात पुरा झालेला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे केंद्र बनलेला हा जलदुर्ग किनाऱ्यापासून इतका जवळ आहे की ओहोटीच्या वेळी पायी जाता येते, आणि भरतीच्या वेळी येत नाही. या साध्या वाक्यातील उत्तरार्ध पतीने मोबाइलवर पाहिलेला असतो, परंतु मोबाइलवरील वेळ, किनाऱ्यावरील घोडागाडीवाल्याने सांगितलेली वेळ आणि समुद्राने प्रत्यक्ष पाळलेली वेळ यांत अंतर पडते. घोडागाडीवाल्याच्या मते पाणी नेहमीच वाढत असते. गाडीत बसल्याशिवाय ते ओसरत नाही.

वास्तविक किनाऱ्यावरील लोकांचा यासाठी जुना ठोकताळा आहे, आणि तो कोणत्याही यंत्राविना चालतो. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून चालू असलेल्या तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, आणि तिच्या सहा तास मागे-पुढे ओहोटी असते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास आणि ओहोटी भर दुपारी बाराला. शिवाय अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतील फरक कमी असतो, त्यामुळे बारा वाजता तापलेल्या वाळूवरून गेलेल्या माणसाला वाटेत पाणीही नीट ओसरलेले मिळत नाही. उलट पौर्णिमा-अमावास्येजवळ उधाण असते, पाणी फार चढते तसे फार उतरतेही. आता चतुर्थी घेतली तर चाराची पाऊणपट तीन, भरती तीनला आणि ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास, जी किल्ला पाहण्यासाठी सर्वांत सुखाची वेळ होय. किल्ल्यात राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, आणि चतुर्थीच्याच दिवशी समुद्राने सकाळच्या उन्हात वाट मोकळी करून द्यावी हा योग भाविकांना मोठा अर्थपूर्ण वाटतो.

तथापि याच योगात पतीच्या सहलीचा घात दडलेला असतो. ओहोटीचे गणित बरोबर जमवून त्याने निवडलेला दिवस संकष्टीचा निघतो. पत्नीचा उपास असतो. अलिबाग सुचवण्यामागे किल्ल्याचा इतिहास हे जाहीर कारण असले, तरी पापलेट, सुरमई आणि सोलकढी हे खरे कारण होते, आणि उपाशी पत्नीसमोर बसून तळलेली तुकडी खाणारा पती या किनाऱ्यावर तरी अजून नोंदवला गेलेला नाही. ‘तुम्ही खा ना, मी कुठं नको म्हणतेय’ हे वाक्य अनुमती म्हणून घ्यायचे नसते, एवढे ज्ञान लग्नाच्या पहिल्या वर्षात प्राप्त होते. त्यामुळे नऊ वाजता किल्ला, अकरा वाजता साबुदाण्याची खिचडी आणि रात्री चंद्रोदयापर्यंत केळी, असा त्या दिवसाचा क्रम लागतो, आणि चंद्र वर येईपर्यंत ‘घरगुती राहण्या-जेवणाची उत्तम सोय’ अशी पाटी लावलेल्या घरातील स्वयंपाकघर आवरलेले असते, कारण तेथे मासे सकाळी सांगावे लागतात, उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात, आणि काहीही न सांगणाऱ्यास आमटी-भात मिळतो. घरमालकीण, जिला सर्व पर्यटक वयाचा विचार न करता ‘काकू’ म्हणतात, हा नियम हसतमुखाने सांगते आणि कधीही मोडत नाही.

अलिबागमध्ये पाहण्यासारखी आणखीही स्थळे आहेत व ती पतीच्या यादीत असतात. हिराकोट हा कान्होजींच्या काळातला छोटा कोट पुढे तुरुंग म्हणून वापरात आला, त्यामुळे तो बाहेरून पाहून परतणेच इष्ट. कान्होजींची समाधी गावातच आहे. भूचुंबकीय वेधशाळा मात्र खरोखर विलक्षण म्हणावी लागेल: मुंबईच्या कुलाब्यातील ही वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली, कारण मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येऊ घातल्या होत्या (त्या १९०७ मध्ये धावू लागल्या) आणि त्यांच्या विद्युत्प्रवाहाने पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सूक्ष्म नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून येथील इमारतीत लोखंडाचा वापर टाळला गेला. शहराच्या गडबडीला कंटाळून अलिबागला येण्याची आज एवढी रूढ झालेली पद्धत पाडणाऱ्यांत एका वेधशाळेचा मान वरचा आहे, आणि ती आल्यापासून परत गेलेली नाही, हे पतीने पत्नीला सांगितले असता ‘तिला स्वयंपाक करावा लागत नसेल’ असे उत्तर मिळण्याचा संभव असतो.

आक्षी गावातील शिलालेखाचा प्रसंग थोडक्यात आटोपणे बरे. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा काळ सांगितला जाणारा हा लेख सर्वांत जुन्या मराठी लेखांपैकी एक गणला जातो, आणि त्याबद्दल सूचक पती उत्साहाने बोलू लागतो. परंतु अशा दानलेखांच्या शेवटी दान मोडणाऱ्यास दिलेला गधेगाळ नावाचा एक रोखठोक शाप असतो, व त्याचा अर्थ पत्नीने विचारताच पतीचा इतिहासाचा अभ्यास अचानक संपतो.

रेवदंड्याहून पुढे कुंडलिका नदीवरचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे अलिबाग तालुका संपतो आणि पलीकडे साळावला मुरूड तालुका सुरू होतो, आणि महसूल खात्याने आखलेल्या या सीमेवरच सत्तांतरही पार पडते. पूल चढताना पती सूचक असतो, उतरताना तो अनुमोदक झालेला असतो. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण नाहीसा होतो, तो खिडकीबाहेर पाहू लागतो, शीळही घालतो. त्याच क्षणी पत्नी पर्समधून दुसऱ्या गावाच्या खोलीचा पत्ता काढते आणि चालकाला विचारते, ‘भाऊ, अजून किती वेळ?’ अलिबागेत दोन दिवस जिने वेळ हा विषय काढला नव्हता तिनेच तो येथे काढावा, हे सूचकपदाच्या ओझ्याचे निर्विवाद लक्षण होय.

रेवदंड्याचा, म्हणजे जुन्या चौल बंदराचा, एक पाहुणा येथे आठवल्यावाचून राहत नाही. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला, तोही एक घोडा विकण्यासाठी बरोबर घेऊन. त्याने पाहिलेल्या मुलखाचे वर्णन लिहून ठेवले आणि त्यात गैरसोयींचे, महागाईचे व एकटेपणाचे गाऱ्हाणे भरपूर आहे. याचे स्पष्टीकरण सोपे आहे. तो एकटा होता. सूचकही तोच आणि अनुमोदकही तोच, त्यामुळे जी तक्रार एरवी शेजारच्या आसनाकडे वळून करता आली असती ती त्याला कागदावर करावी लागली, आणि जगाला एक प्रवासग्रंथ मिळाला. सोबत जोडीदार असता तर चौलविषयी इतिहासकारांना बरीच कमी माहिती असती.

पुलापलीकडे कोर्लई. १७४० च्या तहाने पोर्तुगीजांनी हा मुलूख सोडला, किल्ला रिकामा झाला, पण कोर्लई गावातील काही ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली एक बोली आजतागायत बोलली जाते. काशीदचा पांढऱ्या वाळूचा किनारा सर्वांना आवडतो, त्यामुळे त्याच्याविषयी येथे सांगण्यासारखे काही नाही.

मुरूड येथे पत्नीचा मुख्य कार्यक्रम जंजिरा हा असतो. अलिबागचा किल्ला वेळ साधणाऱ्यास फुकट जवळ येतो. जंजिरा कोणत्याही तिथीला होडीशिवाय भेटत नाही. संभाजी महाराजांनी १६८२ च्या मोहिमेत किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात दगड टाकून सेतू बांधण्याचा उद्योग आरंभला होता, तोही मोगली फौज कल्याणकडे उतरल्याने अर्धवट सोडावा लागला. आजचे दांपत्य राजपुरीच्या धक्क्यावर तिकीट काढते, शिडाच्या होडीत इतर वीस-पंचवीस जणांबरोबर दाटीवाटीने बसते आणि किल्ल्याच्या अगदी तोंडाशी जाईपर्यंत न दिसणाऱ्या दरवाजाकडे पाहत राहते. वाटाड्या बोलू लागला की त्याच्या कथनात बावीस या संख्येला असाधारण महत्त्व असल्याचे लक्षात येते: किल्ल्याचे क्षेत्र बावीस एकर, तो बांधण्यास लागली बावीस वर्षे, बुरूज बावीस, आणि कलालबांगडी या प्रचंड तोफेचे वजनही बावीस टन. बुरुजांची संख्या निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळी आढळते, पण होडीत बसून वाटाड्याला आव्हान देणे कोणासही परवडत नाही, कारण परतीची होडी त्याचीच असते.

येथे अनुमोदक पतीची वाणी प्रथमच मोकळी होते. होडी डोलते, ‘तुझ्या जंजिऱ्याला’ पायऱ्या शेवाळलेल्या आहेत, पाणी पिण्यास कोठे मिळत नाही (गोड्या पाण्याची दोन मोठी तळी आत आहेत, हे खरे, ती पाहून तहान वाढते), आणि किल्ला पाहण्यास दिलेला पाऊण तास बावीस एकरांना पुरत नाही, असे तो क्रमाने निदर्शनास आणतो. पत्नी यांपैकी कशाचेही खंडन करत नाही. ती दरवाजाशेजारी कोरलेल्या, पंजांत हत्ती धरलेल्या पशूकडे बोट दाखवते आणि सिद्दीचा हा किल्ला कोणालाही जिंकता आला नाही, थेट १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तो त्यांच्याकडेच होता, एवढेच सांगते. या वाक्यात कौटुंबिक आशय असावा अशी शंका पतीला येते, परंतु पाऊण तास संपत आलेला असतो.

परतीच्या वाटेवर एक चमत्कारिक उलटापालट होते. अलिबागेत दोन दिवस ओहोटीचे तक्ते, खोलीचे भाडे आणि उपास यांच्या चिंतेत असलेल्या पतीने अलिबाग असे पाहिलेलेच नसते. ते पत्नीने पाहिले, कारण ती मोकळी होती. त्याचप्रमाणे मुरूडचा समुद्र, राजपुरीची खाडी, दूरवर दिसणारा पद्मदुर्ग, हे सर्व पतीने निवांत न्याहाळलेले असते, तर पत्नी होडीच्या रांगेत पुढचा नंबर धरून उभी होती. म्हणून घरी आल्यावर शेजाऱ्यांना मुरूडचे वर्णन पती ऐकवतो, आणि अलिबागविषयी भरभरून बोलते ती पत्नी, आणि दोघेही आपापले मूळ गाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकून चकित होतात. पतीला कार्यालयात मात्र अलिबागचे नाव काढण्याची सोय नसते, कारण ‘अलिबाग से आया है क्या’ हा समोरच्याला भोळसट ठरवणारा हिंदीतील प्रश्न तेथे सर्वांना पाठ असतो. या प्रश्नावर बंदी घालावी अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली होती आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. विनोद प्रत्येक समाजावर होतात, ते मनास लावून घेऊ नयेत, असा न्यायालयाचा सूर होता. न्यायालयाचे म्हणणे बरोबरच आहे, पण विचारणारा सहकारी आणि विचारला गेलेला पती यांच्यात त्या वेळी न्यायमूर्ती उपस्थित नसतात.

अलिबाग बाजारात पांढऱ्या कांद्याची खरेदी ही परतीच्या दिवसातील एकमेव कृती आहे जिचे सूचक व अनुमोदक दोन्ही आपणच असल्याचा दावा दोघेही करतात. हा कांदा तिखट नसतो, आणि २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाचे उत्पादन म्हणून कायद्याने दिलेली ओळख, मिळाल्यापासून भावही सोडत नाही. कांदे पातीसकट वाळवून, पातींची वेणी घालून त्यांच्या माळा करतात. विक्रेती बाई माळ वर धरून गरकन फिरवते, म्हणजे सर्व बाजूंचे कांदे दिसतात; पत्नी तळाचा, सर्वांत मोठा कांदा दाबून पाहते, पती वरचा, सर्वांत लहान मोजतो. मग माळा चार घ्यायच्या ठरतात: दोन पतीच्या आईकडे, दोन पत्नीच्या आईकडे. चारही माळा सारख्या लांबीच्या निघतील अशी सृष्टीची रचना नाही. त्यामुळे रेवसला लाँचची वाट पाहताना, पिशवीतून बाहेर आलेल्या पातींची टोके पती-पत्नी आळीपाळीने डोळ्यांनी मापत असतात, आणि तेथील तटस्थतेला प्रथमच धक्का पोहोचतो.

रेवस आणि करंजा यांना जोडणाऱ्या पुलाची चर्चा बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असल्याच्या काळापासून, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, या किनाऱ्यावर आहे, आणि रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गाच्या योजनेत आता तो खरोखर आकाराला येऊ लागला आहे. तो पुरा झाला की मुंबईचे दांपत्य गाडीतून थेट अलिबागेत उतरेल, लाँचसाठी रेवसला तासभर थांबण्याचे प्रयोजन उरणार नाही, आणि पुढच्या वर्षीच्या सहलीची बोलणी, जी आजवर याच धक्क्यावरच्या बाकावर, दोघेही थकलेले आणि समसमान असताना होत आली, ती अन्यत्र करावी लागतील. आज त्या बोलण्यांत बहुधा श्रीवर्धन हे एकाचे आणि हरिहरेश्वर हे दुसऱ्याचे ठरते. क्वचित असेही घडते की दोघांच्याही तोंडून एकाच वेळी एकच नाव निघते, समजा दापोली. अशा वेळी दोन सूचक होतात आणि अनुमोदक एकही राहत नाही, तक्रार कोणी करायची हे अनिर्णित राहते, आणि ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब होऊन दांपत्य ती सुट्टी घरीच काढते.